काढून टाकलेल्या सतरा ओळी

"कुठली सोनी, मॅडम? बारकूची पोर का बारकूची बायको?"

फोनवर संजीवनीताई होत्या, बारवी धरणाकडच्या वाडीतल्या आशा कार्यकर्त्या. शलाकाने यादीतल्या एका नावाची खात्री करायला सहज फोन लावला होता.

"दोघी आहेत?"

"दोन बारकू शीद हायेत ना वाडीत. एकाच्या पोरीचं नाव सोनी, दुसऱ्याच्या बायकोचं पण सोनी. बायकोला सातवा लागलाय. का हो?"



जीवशास्त्राची पदवी घेऊन ती सहा वर्षं अंबरनाथच्या एका कंपनीत आरोग्य तपासण्यांच्या आकड्यांचं विश्लेषण करत होती. इतक्या वर्षांत एकही जीव पाहिला नव्हता, पाहिले ते नुसते आकडे. बेलवलीत घरी आई मात्र शेजारणींना सांगायची, आमची शलाका सायंटिस्ट आहे. सायंटिस्टबाई याद्या साफ करायच्या. तीन आठवड्यांपूर्वी वाडीतल्या बायकांच्या रक्ततपासणीची यादी आली, तीत सोनी बारकू शीद दोनदा होती. एकदा वय एकवीस, एकदा बावीस. वाडीत वयाचा हिशोब कोण ठेवतं, असं हिनेच ठरवलं आणि एक ओळ काढून टाकली. लेकीच्या नावापुढे बापाचं नाव लागतं आणि बायकोच्या नावापुढे नवऱ्याचं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. हिला त्या दिवशी आठवलं नाही.

तिने मूळ फाइल उघडली. ठेवलेल्या सोनीचं हिमोग्लोबिन अकरा होतं. काढलेलीचं साडेचार. तातडीने दवाखान्यात न्यायच्या बायकांची नावं आरोग्य केंद्राला तिनेच पाठवली होती आणि ही सोनी त्यांत नव्हती.

"ताई, बारकूच्या बायकोला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. रक्त फार कमी आहे तिचं. चूक माझी आहे."

"अगं बाई! परवा मोळी घेऊन चालली होती, दम खात खात. ठेवा फोन."

शलाका धावत तिच्या बॉसच्या, सुजित सरांच्या टेबलाशी गेली. सरांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "नवीन लिस्ट पाठवून दे, अपडेटेड म्हणून. मिस्टेक-बिस्टेक लिहू नको. प्रोजेक्ट जाएगा, मग आपण दोघं पण."

नोकरीची भीती तिला होतीच. पण कधी न पाहिलेल्या त्या बाईची भीती त्याहून मोठी होती. 'माझ्या चुकीमुळे' असं लिहूनच तिने आरोग्य केंद्राला मेल पाठवला.

पाऊण तासाने फोन वाजला. "गाडीत घातली, मॅडम. धाप लागलीय, पण बोलतेय. मी आहे सोबत."

शलाकाला रडू आलं. डोळे पुसून तिने पुन्हा फाइलकडे पाहिलं. त्या दिवशी तिने एकच ओळ काढली नव्हती, सतरा काढल्या होत्या.

"ताई, अजून सोळा नावं आहेत. वाचू?"

"वाचा."

"तुळशी अनंता शीद."

"ती एकच हाय. दोनदा सुई टोचून घेतली होती येडीने. पुढं."

"विठा हिरामण शीद. वय चोवीस, रक्त..." शलाका अडखळली. "साडेतीन."



"ती हिरामणची बायको," संजीवनीताई म्हणाल्या. "मंगळवारी बाळंतपणात गेली."

शलाका त्या ओळीतला आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिली. 

"मॅडम, ऐकताय ना? पुढचं नाव वाचा."

तिने वाचलं.