भोंगा न वाजता उघडलेलं दार

कोरडा हंगाम सरत आला की आमच्या धरणाखालच्या चिरंगसा गावात मारक होतं, म्हणजे गावाची मासेमारीची जत्राच. बांबू आणि केळीच्या पानांनी नदीचा एक फाटा अडवायचा, पाणी उतरलं की सगळ्या गावानं आत उतरायचं आणि हातांनी मासे धरायचे. त्या सकाळी माझी बायको इतोह, माझी सून आणि निम्मं गाव गुडघाभर चिखलात होतं. वर डोंगरात पाऊस झालाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी वर बघत नव्हतं. धरणाचं दार हलण्याआधी गावातला भोंगा वाजतो, आणि तो वाजून बराच वेळ गेल्यावरच पाणी सुटतं, असं आजवर चालत आलं होतं.

धरणाची दारं राखणारा मी वर, दारांच्या खोलीत होतो. समोर रेंगानिस. ती बांडुंग शहराहून आलेली. दारं चालवणारा प्रोग्राम तिनंच लिहिला होता.

"आबाह, आज पाणी खुणेला लागेल," ती म्हणाली. "दार आपलं आपण उघडेल. तुम्ही नुसतं बसा."

"नुसतं बसलं की घरी बायको बोलते, इथं तू बोलणार."

"मी नाही बोलत. मी कॉफी आणते."

तिला तिच्या कामाचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. दार उघडण्याची कामं त्या प्रोग्राममध्ये दहा ठिकाणी लिहिलेली होती. प्रत्येक ठिकाणी भोंगा वेगळा लिहिला तर कुठंतरी राहून जाईल, म्हणून तिनं नियम एकदाच लिहिला होता: दार उघडण्याचं कुठलंही काम येवो, आधी भोंगा, मग थांबणं, मग दार. हा नियम तिनं सगळ्या कामांत विणून टाकला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत याला अ‍ॅस्पेक्ट म्हणतात. मला ते पटलं होतं. चटईत एक रंगीत पाती घालावी तसं.

ती कॉफी घेऊन दारात आली, तेवढ्यात पायाखालची फरशी घुमायला लागली. मोटर चालू झाली होती.

मी भोंग्याच्या दिव्याकडं बघितलं. दिवा बंद.

"नेंग, पोरी, भोंगा?"

"वाजला असेल की."

"दिवा बघ."

तिनं बघितलं आणि कप जमिनीवरच ठेवला. खिडकीतून खाली दोन नंबरच्या दाराखालून पांढरं पाणी निघताना दिसत होतं. चिरंगसाला पोचायला त्याला फार तर एक क्रेतेक सिगारेट ओढून होईल इतका वेळ.

"एंचेप!" मी ओरडलो. "मोटरची वीज तोड!"

एंचेप आमचा मिस्त्री. तो काही न विचारता धरणाच्या भिंतीवरून पळत सुटला. पण दार थांबलं तरी सुटलेलं पाणी परत येत नाही. मी इतोहला फोन लावला. वाजत राहिला. सुनेला लावला. मारकात ढोल असतो, आरडाओरडा असतो, आणि फोन काठावर चपलांजवळ पडलेले असतात.

रेंगानिस पडद्यावरच्या ओळी भराभर खाली सरकवत होती. "नियम आहे ना! इथंच आहे! मग का नाही..." आणि ती थांबली. "नव्या मोटरी. आज पहिल्यांदाच चालल्यात."

"त्यांचं काय?"

"त्यांच्याबरोबर कारखान्याचा वेगळा प्रोग्राम आला. माझा प्रोग्राम दार उघडत नाही आता, आबाह. तो फक्त त्या दुसऱ्याला सुरू करून देतो. दुसरा स्वतंत्र चालतो. माझी वीण माझ्यातच राहिली. त्याला भोंगा म्हणजे काय हेच माहीत नाही."

"मग तुझा बंद कर!"

तिचा हात बटणाकडं गेला आणि मागं आला. "माझा बंद केला तरी तो थांबणार नाही. एकदा सुरू करून दिला की तो त्याचा तो. आणि भोंगा माझ्याकडंच आहे, तोही जाईल."

"मग नुसता भोंगा वाजव की बाई!"

"नुसता वाजवायची सोयच नाही! दार उघडायला निघालं तरच तो वाजतो. मीच तसं केलंय. उगाच कुणी वाजवू नये म्हणून."

मी तिला काहीतरी वाईट बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिनं ते ऐकलंसुद्धा नाही.

"कुठल्या दाराला अजून जुनी मोटर आहे?" तिनं विचारलं.

"चार नंबर. पण ते उघडत नाही. साखळदंड घातलाय, तारा काढून ठेवल्यात."

"उघडायला नकोच आहे."

तिनं चार नंबरला उघडायचा हुकूम दिला. हा हुकूम तिच्या स्वतःच्या प्रोग्रामचा होता, दुसऱ्या कुणाला सुरू करून देण्याचा नव्हता. दिवा लाल झाला. आणि दरीतून, खूप खालून, भोंगा उठला.

भोंगा थांबला, की दाराची वाट न बघता तिनं पुन्हा हुकूम दिला. पुन्हा. मी फोन कानाला लावून उभा होतो. एंचेपनं वीज तोडली असावी, कारण फरशीची घुमघुम थांबली. फोन वाजत राहिला.

मग कुणीतरी उचलला.

"ओरडू नका, ऐकू येतंय," इतोह म्हणाली. तिला धाप लागली होती. "भोंगा वाजायला लागला आणि पाणी वळणावर दिसलं, दोन्ही एकदमच. असं कसं हो?"

"सून?"

"माझ्याजवळ आहे. शेजारच्या आसिहच्या म्हाताऱ्या बापाला दोघांनी काखेत धरून वर ओढला. पायाला खरचटलंय. बांध गेला, मासे गेले. माणसं आहेत. आम्ही मोजतोय, पुन्हा मोजतोय."

मी रेंगानिसला मान हलवून सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दुपारभर ती उठली नाही. दुसऱ्या प्रोग्रामला सुरू करतानाच भोंग्याचा नियम त्याच्यातही विणला जाईल, अशी सोय तिनं केली. मग एंचेपनं वीज जोडली आणि तिनं दोन नंबरचं दार बोटभर उघडायला सांगितलं. भोंगा वाजला. बराच वेळ काही झालं नाही. मग फरशी घुमली.

मी इतोहला फोन केला. "ऐकलास?"

"ऐकला."

"आता नीट झालंय. सांग सगळ्यांना."

"सांगितलं," ती म्हणाली. "चपला, टोपल्या अजून खाली खडकात अडकल्यात. आणायला कुणी उतरत नाहीये."