जास्तीचा काना

इटालियन जेवण कसं असतं हे भिंगकाकांना तोंडपाठ होतं. फक्त ते त्यांनी कधी तोंडात घातलेलं नव्हतं.

एका साप्ताहिकाच्या कचेरीत ते एकोणचाळीस वर्षांपासून मुद्रितशोधक होते. अंक छापायला जाण्याआधी प्रत्येक पान त्यांच्या भिंगाखालून जायचं, त्यावरून पडलेलं हे नाव. माणूस इतका भिडस्त, की चहात साखर नसली तरी मुकाट्याने पिणार. न्हाव्याने एक कल्ला वर आणि एक खाली ठेवला तरी "छान झालंय" म्हणून घरी येणार. पण समोर प्रूफ आलं आणि हातात लाल पेन असलं, की हाच माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. एखाद्या शब्दाची शंका आली की शब्दकोश बघायचा, मग ज्ञानकोश बघायचा, आणि घरी जाताना पुन्हा शंका आली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं, असा त्यांचा खाक्या.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्का छत्तीस वर्षं रुग्णालयात नर्स होती आणि तिचा आवाज अजून वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत पोचेल असाच होता. तिला पंच्याहत्तरावं वर्ष लागलं तेव्हा तिने फर्मावलं, "मला वस्तूबिस्तू काही नको. एक दिवस कुणीतरी मला आयतं ताट आणून द्यावं, आणि त्यात काय असणार हे मला आधी ठाऊक नसावं. बस."

भिंगकाकांना चटकन आठवलं. दीड-दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याच साप्ताहिकात, बाहेरच्या जेवणावरच्या सदरात, एका लहानशा इटालियन रेस्टॉरंटबद्दल आलं होतं. सदर लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी अगदी तोंड भरून वाखाणलं होतं.

"कचेरीपासून दोन गल्ल्यांवर आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलंय."

"जेवण?"

"नाही. लेख."

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला दोघं तिथे पोचली. पूर्वी ते शिंप्याचं दुकान असावं. उंच आरसा अजून भिंतीवर होता. त्यात पाचाची दहा टेबलं दिसत होती आणि रिकाम्या खुर्च्याही दुप्पट. होय, रिकाम्या. ऐन जेवणाच्या वेळेला आत चिटपाखरू नव्हतं. गल्ल्यावर एक टक्कल पडलेले, जाड मिशांचे गृहस्थ बसले होते. गिऱ्हाईक दिसताच ते इतके दचकून उठले की त्यांचा चष्मा खाली पडला.

"गर्दी नाही ते बरं," भिंगकाका कुजबुजले. "नावाजलेली ठिकाणं शांतता राखतात."

"शांतता राखायला हे काय वाचनालय आहे?" अक्का नेहमीच्या आवाजात म्हणाली.

त्यांनी एक स्पॅगेटी मागवली, टोमॅटो आणि ऑलिव्ह घातलेली, आणि एक मशरूमचा रिसोटो. ताटं येईपर्यंत भिंगकाकांनी माहिती दिली. "रिसोटो म्हणजे भातच. पण गरम रस्सा थोडाथोडा घालत, सारखा ढवळत शिजवतात. दाणा आतून किंचित कचवट राहिला पाहिजे."

"कचवट राहिला तर मी तो पुन्हा चुलीवर ठेवते," अक्का म्हणाली. "इथे त्याचं नाव बदलून आणून देतात होय!"

ताटं आली. दिसायला सुरेख. रंग असा की बघत राहावं. भिंगकाकांनी काट्याला स्पॅगेटी गुंडाळली, तोंडात घातली, डोळे मिटले. काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. ओल्या दोरीला टोमॅटोचा वास यावा तसं लागलं. आपल्याच जिभेत खोट असणार, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यभर पुस्तकं खाल्लेल्या माणसाला काय कळणार?

"यात मीठ नाही," अक्का म्हणाली.

"असेल. सूक्ष्म असेल."

"मीठ सूक्ष्म नसतं, शहाण्या. असतं नाहीतर नसतं. याच्यात नाही. हे काळं फळसुद्धा बघ, धुऊन धुऊन त्याचा जीव काढलाय." तिने हात वर केला. "अहो! जरा मीठ आणता?"

मिशीवाले गृहस्थ मिठाची बरणीच घेऊन आले, चमच्यासकट. "घ्या. हवं तेवढं घ्या," ते म्हणाले, जणू आधीपासूनच बरणी हाताशी ठेवली होती.

"रागावू नका हं, पण आमच्या वॉर्डात रक्तदाबवाल्यांना असंच जेवण यायचं. तुमचा आचारी आजारी आहे का?"

आतला पडदा सरकला. पस्तिशीची एक बाई बाहेर आली. ॲप्रन घातलेला, बाह्या कोपरापर्यंत वर, हातावर जुन्या भाजल्याचे दोन डाग. "मीठ कमी आहे का?" तिने विचारलं. "खरं सांगा, मावशी. मला राग येणार नाही."

"कमी? अगं, मुळात घातलंस का?"

मिशीवाल्यांनी खुर्ची ओढली आणि न विचारताच टेबलाशी बसले. "ही माझी भाची. मला सगळे मामाच म्हणतात, तुम्हीही म्हणा. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलात हिने कांदे सोलले, भांडी उपसली आणि मग कुठे शेगडीपर्यंत पोचली. हे हिचं पहिलं स्वयंपाकघर. चाललंही होतं छान. लोक बाहेर उभे राहायचे. मग ते मेलं साप्ताहिक आलं."

"कुठलं?" अक्काने विचारलं.

भिंगकाकांचा काटा ताटावरच थांबला.

मामा उठले. गल्ल्यावरच्या काचेखालून एक कात्रण काढून त्यांनी ते टेबलावर आणून ठेवलं. कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. तळाच्या एका ओळीखाली पेन्सिलीने जोरात रेघ ओढलेली.

भिंगकाकांनी सवयीने खिशातून भिंग काढलं. तशी गरज नव्हती. ती ओळ साध्या डोळ्यांनाही दिसत होती: 'सगळं शहर पालथं घातलंत तरी इतकी खारी चव तुम्हाला कुठे मिळणार नाही.'

त्यांना ती ओळ पाठ होती. ती दुपारही आठवत होती. प्रूफवर शब्द होता 'खरी'. इतकी खरी चव. आणि आपण भिंग खाली ठेवून विचार केला होता: चव खरी कशी असेल? खरी साक्ष असते, खरं नाणं असतं. चव गोड असते, आंबट असते, खारी असते. तरी खात्री म्हणून ज्ञानकोश काढला होता. त्यात लिहिलं होतं की इटालियन लोक ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात मुरवतात, मासे खारवतात, चीजसुद्धा. झालं. समाधानाने एक काना दिला होता. लाल. त्या संध्याकाळी ते अर्ध्या वाटेवरून परतसुद्धा फिरले नव्हते, इतकी खात्री होती.

"लोक हसायला लागले हो," मामा सांगत होते. "येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, आज मिठाची किती पोती ओतलीत? मग येईनासेच झाले."

"मी आधी मीठ निम्मं केलं," भाची म्हणाली. ती उभीच होती. "तरी भीती वाटायची. मग चिमूटभर. मग ऑलिव्ह तीन पाण्यांतून काढायला लागले. आता चाखून बघते तर मला सगळंच खारट लागतं. साधं पाणीसुद्धा. माझी जीभ गेली, काका. सोमवारपासून मामांनी दुसरा आचारी बोलावलाय. मी भाज्या चिरायला राहीन."

अक्काने कात्रण वाचलं, मग भावाकडे बघितलं. "अरे, हे तुमचंच ना? तू तर म्हणालास वाखाणलंय म्हणून!"

"तुमचंच म्हणजे?" मामांच्या मिशा ताठ झाल्या.

"कामाला आहे तो तिथे. अहो, छपाईची चूक असेल ही! होतं की नाही रे तसं?"

खरं तर साप्ताहिकाचा तोच रिवाज होता. काहीही चुको, पुढच्या अंकात कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'मुद्रणदोष' म्हणून ओळ यायची. म्हणजे माणूस कुणीच नाही, दोष यंत्राचा. त्या ओळी लिहायचे भिंगकाकाच. आत्ताही नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांनी ती हलवलीही, अर्धवट.

भाचीने ते पाहिलं आणि ती कडवट हसली. "यंत्राची चूक असेलही, मावशी. पण मग त्या लेखकाने काय लिहिलं होतं ते यंत्राला विचारायचं का? त्यांनाही खारटच लागलं असेल. तुम्ही माझं मन राखताय."

भिंगकाकांनी तोंड उघडलं. पाण्याचा घोट घेतला, तो ठसक्यात गेला. अक्काने पाठीवर दणका दिला आणि त्या दणक्यासरशी शब्द बाहेर पडले:

"तो काना माझा आहे."

"काय?"

"काना. त्यांनी खरी लिहिलं होतं. मी... मी खारी केलं. मला वाटलं, ते कौतुकच आहे."

आरशातल्या रिकाम्या खुर्च्यासुद्धा ऐकत असाव्यात असं वाटलं. अक्काचा हात भावाच्या पाठीवर होता तो तिने काढून घेतला.

"कौतुक?" मामा उठून उभे राहिले. "अहो, तुम्ही इथे कधी जेवला होतात?"

"आज पहिल्यांदाच."

"न चाखता? न चाखता मीठ घातलंत?"

"मामा, थांबा," भाची म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "हे आत्ता मला बघून बनवून सांगतायत. म्हातारा माणूस, दया आली असेल. मला असलं काही नको."

आता मात्र भिंगकाका उठले. "दहा मिनिटं," ते म्हणाले आणि टोपी न घेताच बाहेर पडले. शनिवारी कचेरी अर्धा दिवस, पण दाराची आणि प्रूफांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याचपाशी असायची. दोन गल्ल्या त्यांनी कशा ओलांडल्या ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. तीन महिन्यांची प्रूफं सुतळीने बांधलेली असायची. त्यांनी गठ्ठा सोडला. मनात एकच: नसलं तर? आपल्याला चुकीचं आठवत असलं तर? पान निघालं. होतं. आणि आठवणीपेक्षा वाईट होतं, कारण समासात त्यांनी कारणही लिहून ठेवलं होतं.

ते धापा टाकत परतले आणि पान भाचीच्या हातात दिलं. छापलेलं 'खरी', मधोमध खुपसलेली लाल रेघ आणि शेजारी वळणदार अक्षरात: 'ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात मुरवतात. खारी हवं.' खाली सही.

तिने ते दोनदा वाचलं. बोट त्या रेघेवरून फिरवलं. मामांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. ते ओरडतील म्हणून भिंगकाकांनी डोळे मिटले, पण मामा खाली बसले ते धपकन बसले.

"एवढ्याशाने?" ते म्हणाले. "एवढ्याशा रेघेने?"

"प्राध्यापक तो अंक निघायच्या आधीच परगावी मुलीकडे गेले," भिंगकाका म्हणाले. "नाहीतर त्यांनी माझी कानउघाडणी केली असती. मी पुढच्या अंकात लिहितो. माझ्या नावाने. यंत्राच्या नाही."

भाची पान घेऊन आत गेली. पडदा पडला. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. अक्का गार झालेल्या रिसोटोकडे बघत होती. "न चाखता," ती स्वतःशीच पुटपुटली.

वीसेक मिनिटांनी भाची एकच ताट घेऊन आली. ते तिने भिंगकाकांच्या पुढ्यात ठेवलं. "खा."

त्यांनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खारट. असलं खारट की जीभ मागे वळून घशात शिरायला बघत होती. त्यांनी वर पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती. छान झालंय, हे दोन शब्द त्यांच्या ओठांशी येऊन ठेपले. आयुष्यभर तेच म्हटलं होतं. आणि दुसरा शब्द उच्चारायचा म्हणजे ज्या शब्दाने तिची सात आठवड्यांत वाट लावली तोच पुन्हा, या वेळी तोंडावर. त्यांनी घास कसाबसा गिळला.

"खारट आहे," ते म्हणाले.

"अरे!" अक्का ओरडली.

"थांबा, मावशी. काका, किती?"

"फार. खाववत नाही."

भाचीने त्यांच्या हातातला काटा घेतला, एक घास स्वतः खाल्ला, सावकाश चावला. मामा श्वास रोखून बघत होते.

"हो," ती म्हणाली. "मूठभर जास्त आहे. मी मुद्दामच टाकलं. मला आतच कळलं होतं, पण माझ्यावर माझाच विश्वास नव्हता. म्हटलं, दुसऱ्यालाही तेच लागतंय का बघू. छान म्हणाला असतात ना, तर तो कागद मी शेगडीतच टाकला असता."

तिने ताट उचललं. "मामा, त्या सोमवारच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगा. आणि तुम्ही दोघं उठू नका. अजून तुमचं जेवण झालेलं नाही."

मामा फोन शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता. अक्काने पाण्याचा अख्खा तांब्या भावापुढे सरकवला. भिंगकाका पाणी पीत राहिले आणि आत, पडद्यापलीकडे, ती कोऱ्या भांड्यात पुन्हा पाणी भरत असल्याचा आवाज येत राहिला.