एनिडबाईंची नोटीस आणि गायीचं मागचं अंग

इंग्लंडात वर्दिंगला समुद्राच्या तोंडावर लार्कस्पर हाउस नावाची आठ फ्लॅटांची इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर एनिड हॅफेन्डन नावाच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहत. फ्लॅट स्वतःचा, कर्ज कधीच फिटलेलं. निदान त्या तसं धरून चालल्या होत्या. नोव्हेंबरात शेजारचा फ्लॅट विकायला निघाला. गिऱ्हाईक आलं, पडद्यांची मापं घेऊन गेलं आणि मग ‘पट्टा फार आखूड आहे’ म्हणत पसार झालं. एनिडबाईंनी आपल्या फ्लॅटचे कागद कपाटाच्या तळातून उकरले आणि तडक वकील गाठला.

वकील मिस अडजेई तिशीची, बोलायला सरळ. “फ्लॅट तुमचाच आहे, पण भाडेपट्ट्यानं,” ती म्हणाली. “जमीन, भिंती, छप्पर मिस्टर पेनफोल्डचं. पट्टा संपला की फ्लॅटही त्यांचा.”

“संपतो कधी?”

“ऐंशी वर्षं आणि आठ आठवडे राहिलेत.”

“मग मला कशाला घोर? तेव्हा मी एकशे सत्तावन्नची असेन.”

“घोर त्या आठ आठवड्यांचा आहे. ऐंशीच्या खाली एक दिवस गेला, तरी पट्टा वाढवून घ्यायची किंमत उडी मारते. आज नऊ हजार पौंड, मग चौदा. तो वरचा मलिदा पेनफोल्डना. आणि वाढवलाच नाही, तर उद्या तुमचा फ्लॅटही कुणी घेणार नाही. सात जानेवारीच्या आत पट्टा वाढवायची नोटीस त्यांच्या हाती पडली, तर किंमत आजचीच.”

एनिडबाईंनी पेनफोल्डना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बिस्किटांचा पुडा घेऊन हजर. साठीचे, गुबगुबीत, आवाज तुपात घोळलेला.

“आपण काय परके आहोत, मिसेस हॅफेन्डन? वकिलांची पोटं कशाला भरायची? नाताळ होऊ द्या, आपण दोघं बसून मिटवू.”

हे ऐकून मिस अडजेईनं कपाळाला हात लावला. “गोड बोलून सात तारीख टाळतायत. गेल्या साली तळमजल्यावरच्यांनी टपालानं नोटीस पाठवली, तर ‘मिळालीच नाही’ म्हणून हे पेनफोल्ड वर्षभर भांडले. तुम्ही हातात द्या. चार लोकांदेखत.”

झालं. एनिडबाई नोटीस पर्समध्ये घालून पेनफोल्डांच्या दारी गेल्या. बायको म्हणाली, “ते गोल्फला गेलेत.” खुंटीवरच्या कोटाखालून मोजे घातलेले दोन पाय दिसत होते. दुसऱ्या खेपेला मोटार अंगणात आणि साहेब म्हणे पॅरिसला. तिसऱ्या खेपेला बाजारात समोरासमोर गाठ पडली, तर हा गृहस्थ कोबीचा गड्डा टाकून मासळीवाल्याच्या मागच्या दारानं निसटला. एनिडबाई पळून पळून किती पळणार? चाळीस वर्षं वाचनालयात काढलेल्या बाई त्या. पुस्तकं बुडवणाऱ्यांची कितीतरी दारं त्यांनी ठोठावली होती, आणि घरात असून नसलेला माणूस त्यांना वासावरून कळे. पण तेव्हा गुडघे साथ देत होते.

त्यांनी खालच्या मजल्यावरच्या ग्लेनिसपुढे रडगाणं गायलं. ग्लेनिस वेल्सची, एके काळची बस कंडक्टर, आवाज अजून डबल डेकरच्या वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. तिनं चहात तिसरा चमचा साखर घातली.

“अगं, तो कुठून पळू शकणार नाही ते बघ ना,” ती म्हणाली. “पेनफोल्ड आमच्या नाटकमंडळीत आहे हे ठाऊक नाही होय तुला?”

वर्दिंगची हौशी मंडळी दर नाताळात मुलांसाठी धमाल नाटक करत. त्यात एका पुरुषानं फुगीर झगा घालून थोराड बाई व्हायचं असतं, आणि गेली अकरा वर्षं तो मान पेनफोल्डनी कुणाला मिळू दिला नव्हता. यंदा ते दूध विकणारी विधवा होते. त्यांची गाय म्हणजे एका कापडी कातड्यात शिरलेली दोन माणसं. पुढचं अंग ग्लेनिस. मागचं अंग करणारा टपालखात्यातला माणूस कमरेत उसण भरून झोपला होता.

“मी कशी गाय होणार, ग्लेनिस? माझं वय बघ.”

“मागचं अंग आहे ते, एनिड. वाकायचं आणि माझ्या कमरेचा पट्टा धरून चालायचं. अक्कल लागत नाही. तोंडही दिसत नाही.”

तालमींत पेनफोल्डना कळता कामा नये, म्हणून ग्लेनिसनं दिग्दर्शिकेला सांगितलं की नवीन बाई फार लाजाळू आहे, कातड्यातूनच येईल आणि कातड्यातूनच जाईल. एनिडबाई चार तालमी कापडी पोटात वाकून उभ्या राहिल्या. पेनफोल्डनी एकदा त्यांच्या पाठीवर थाप मारून “मागचं अंग यंदा फार गुणी आहे” असंही म्हटलं. आतून एनिडबाईंनी शेपटी हलवली.

पाच जानेवारी, शनिवार, दुपारचा खेळ. हॉल पोरांनी गच्च. मिस अडजेई आपल्या दोन भाच्यांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. दुसऱ्या प्रवेशात विधवा रडते, “गाये, तुझ्याशिवाय मला कोण गं?” आणि गाय तिच्या मांडीवर डोकं टेकते. पेनफोल्ड रडले. ग्लेनिसनं डोकं टेकलं नाही. ती गोल वळली आणि विधवेपुढे गायीचं मागचं अंग आलं. शेपटीखालची शिवण उसवली, आणि तिथून सुरकुतलेला हात एक लांब पाकीट धरून बाहेर आला.

पोरं किंचाळून हसली. पेनफोल्ड मुरलेले नट. टाळ्या वाया घालवतील तर शपथ. त्यांनी पाकीट घेतलं, नाकाला लावून हुंगलं, आणखी हशा मिळवला, आणि आतला कागद काढून बायकी आवाजात मोठ्यानं वाचायला लागले.

“लार्कस्पर हाउस, फ्लॅट क्रमांक पाच. पट्टाधारक श्रीमती एनिड हॅफेन्डन यांजकडून जमीनमालक श्रीयुत क्लाइव्ह पेन...”

आवाज एकदम पुरुषी झाला. शिवणीतून चष्मा, पांढरे केस आणि मग पूर्ण चेहरा आला.

“नमस्कार, मिस्टर पेनफोल्ड,” एनिडबाई म्हणाल्या. “तुम्ही पॅरिसहून कधी आलात?”

हॉल कोसळला. पेनफोल्ड झगा सावरत विंगेकडे निघाले, तर ग्लेनिसनं पुढून शिंगं रोखली. तिसऱ्या रांगेत मिस अडजेईनं घड्याळ बघून वहीत वेळ टिपली.

मध्यंतरात ते कपाळाचा गुलाबी रंग पुसत एनिडबाईंसमोर उभे राहिले. “ही फसवणूक आहे.”

“कसली? तुम्ही घेतलीत, वाचलीत. सव्वादोनशे माणसांना ऐकवलीत.”

मागे त्यांची बायको खुर्चीत बसून हसून हसून डोळे पुसत होती. तेवढ्यात दिग्दर्शिका धावत आली. “क्लाइव्ह, पाकिटाचा प्रसंग अप्रतिम. उरलेल्या पाचही खेळांत हवाच. तो पुरुषी आवाजही ठेव.”

त्यामुळे पुढच्या आठवड्यात पेनफोल्डना तीच नोटीस आणखी पाच वेळा घ्यावी लागली, आणि दर वेळी टाळ्या वाढत गेल्या. बुधवारनंतर ते स्वतःहून हुंगायला जास्त वेळ लावू लागले.

एप्रिलात पट्ट्यावर सह्या झाल्या. नऊ हजारांत नव्वद वर्षं वाढली. ग्लेनिसनं विचारलं, “एकशे सत्तर वर्षं मिळाली, एनिड. करणार काय एवढ्या वर्षांचं?”

“स्वयंपाकघराला रंग द्यायचाय,” एनिडबाई म्हणाल्या. “बरीच वर्षं राहून गेलं.”

लार्कस्परमधल्या आणखी चार बिऱ्हाडांनी त्या वर्षी पट्टे वाढवून घेतले. त्यांना पेनफोल्ड घरी सापडले. ऑक्टोबरात मात्र त्यांचा एनिडबाईंना फोन आला. आवाज पुन्हा तुपातला, पण थोडा अवघडलेला.

“यंदा मी राणी आहे,” ते म्हणाले. “गाय नाहीये. उंट आहे. मागचं अंग अजून कुणाला दिलेलं नाही.”

“उंटाला वाकावं कमी लागत असेल ना?” एनिडबाईंनी विचारलं, आणि तालीम कोणत्या वारी आहे ते लिहून घ्यायला पेन्सिल शोधली.