आठची घंटी

‘हे अजून उठलेले नाहीत.’

पत्रातलं हे वाक्य त्याने तिसऱ्यांदा वाचलं आणि हातातला कप तोंडाला न लावताच खाली ठेवला. सकाळचे पावणेदहा झाले होते. मॅक कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका बाजूला दातांच्या डॉक्टरांची अर्धवट वेबसाइट उघडी होती आणि दुसऱ्या बाजूला ईमेलने आलेलं हे पत्र. ‘काल तुमचा प्रोग्राम आपोआप नवा झाला. आज यांची आठची घंटी वाजलीच नाही. हे अजून उठलेले नाहीत. कृपया बघावे.’ खाली नाव नाही, फोन नंबर नाही. पत्र नऊ वाजून दहा मिनिटांनी आलेलं.

प्रोग्राम त्याचाच होता. औषधांच्या वेळा लक्षात ठेवायच्या आणि वेळ झाली की घंटी वाजवायची, एवढंच त्याचं काम. नऊ वर्षांपूर्वी त्याने तो बेडरूमच्या कोपऱ्यातल्या याच टेबलावर बसून लिहिला होता. घंटीसुद्धा घरचीच होती. बायकोला मिक्सर बंद ठेवायला सांगून त्याने काचेच्या पेल्यावर चमचा तीनदा वाजवला होता आणि तो आवाज भरून घेतला होता.

त्याने घाईघाईने उत्तर लिहिलं. ‘आम्हाला कळवल्याबद्दल आभार. आमची टीम तातडीने लक्ष घालत आहे. कृपया लगेच या नंबरवर फोन करावा.’

“टीमला चहा गरम करून देऊ का?” बायको मागून म्हणाली. तिची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी ती घरात असायची. ‘आम्ही’ हा शब्द दिसला की तिला राहवत नसे. एकट्या माणसाच्या प्रोग्रामवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून पहिल्या दिवसापासून तो ‘आम्ही’ लिहीत आला होता. एरवी तोही हसायचा. आज त्याने वळूनही पाहिलं नाही, तेव्हा तिने पत्र वाचलं आणि तिचाही चेहरा उतरला.

“उठलेले नाहीत म्हणजे?”

“मला काय माहीत?”

चूक सापडायला वीस मिनिटं लागली. ज्या औषधाच्या शिल्लक गोळ्यांचा आकडा सहा महिन्यांपासून शून्य दिसतोय, ते औषध नव्या आवृत्तीत यादीतून आपोआप निघून जात होतं. ही कल्पना त्याचीच. कपाट आवरल्यासारखी यादी आवरली जाते, म्हणून तो स्वतःवर खूशही झाला होता. पण एखाद्या घरात गोळ्या आणत असतील, देत असतील आणि आकडा भरायचा कंटाळा करत असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. झटक्याची गोळी असेल. हृदयाची असेल. घंटी वाजली नाही, गोळी घेतली नाही आणि आता ते गृहस्थ उठत नाहीत.

त्याने नवी आवृत्ती साइटवरून काढून टाकली. तोवर तीनशे बारा जणांकडे ती पोचली होती. दहा मिनिटांत त्याने चार वेळा पत्रं पाहिली, फोनचा आवाज मोठा आहे ना हेही पाहिलं. फोन वाजला तेव्हा तो दचकलाच. दातांचे डॉक्टर होते.

“तो निळा रंग आहे ना, तो जरा हसरा करता येईल का?”

“करतो.”

“म्हणजे पेशंटला बघूनच बरं वाटलं पाहिजे.”

“करतो, करतो,” म्हणत त्याने फोन ठेवला. आपल्यामुळे कुणी मेलं असेल, हा विचार काही केल्या हटत नव्हता.

सव्वाअकराला पुन्हा फोन वाजला.

“घंटीवाल्यांचं ऑफिस का? सकाळी मी पत्र टाकलं होतं,” एका वयस्कर बाईंचा आवाज आला.

“हो, हो. कसे आहेत ते? डॉक्टरांना बोलावलंत का?”

“डॉक्टर कशाला?”

“उठले नाहीत म्हणालात ना.”

“नाहीच उठले. पलंगावर बसून आहेत. तोंड धुवायला चला म्हटलं, की म्हणतात अजून आठ वाजायचेत.”

बायकोकडे पाहून त्याने हातानेच सगळं ठीक आहे असं सांगितलं.

बाई बोलतच होत्या. “ती गोळी डॉक्टरांनी मागेच बंद केली. घंटी मी राहू दिली. यांचं हल्ली सगळं पुसत चाललंय हो. मला कधी ओळखतात, कधी नाही. पण घंटी कळते. ती वाजली की उठतात, दाढीसुद्धा स्वतः करतात. आज घड्याळ दाखवलं तर म्हणे बिघडलंय. पाच वाजल्यापासून तसेच बसलेत, पोटात काही नाही. पन्नास वर्षं संसार केला, पण माझं ऐकत नाहीत, तुमच्या घंटीचं ऐकतात.”

“प्रोग्रामच्या खिडकीत एक अधिकचं चिन्ह आहे बघा, ते दाबून घंटी परत...”

“मला नाही त्यातलं काही कळत. पत्र टाकण्यापुरतं भाच्याने शिकवलंय. तो येतो रविवारी, तोच बाकी सगळं करतो.”

आज गुरुवार होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“फोन त्यांच्या कानाशी धरता?” तो म्हणाला आणि मॅकवरची घंटी त्याने फोनजवळ वाजवली.

“नुसती खरखर येतेय,” बाई म्हणाल्या.

मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. बायकोने काही न विचारता पेला काढून दिला. एका हातात फोन आणि पेला धरायची कसरत त्याला जमेना, तेव्हा फोन तिने धरला. त्याने चमचा तीनदा वाजवला.

पलीकडून एका पुरुषाचा कुरकुरता आवाज आला. “वाजले आठ. टॉवेल कुठे ठेवलास?”

साडेअकरा झाले होते.

“उठले,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “तुमच्यातल्या कुणी वाजवली हो?”

“मीच,” तो म्हणाला.

दुपारभर बसून त्याने ती आवराआवर उचकटून टाकली. विचारल्याशिवाय आता यादीतलं काहीही जाणार नव्हतं. बाईंची गेलेली घंटी मात्र रविवारी भाच्याने परत लावेपर्यंत वाजणार नव्हती. तीनशे बारा जणांना पत्रं गेली. निळा रंग तसाच राहिला.

बाईंशी ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आठला पाच मिनिटं असताना तो पेला घेऊन ओट्याशी उभा होता.

“टीम हजर का?” फोन धरत बायको म्हणाली, पण हळू आवाजात.

आठ वाजता त्याने तीन ठोके दिले. पलीकडे पलंग करकरला. चपला फरफटत फोनजवळ आल्या आणि बाईंच्या हातून कुणीतरी फोन घेतला.

“काल उशीर केलात तुम्ही,” ते गृहस्थ म्हणाले. “मी बसून होतो.”

तो नेहमीचं वाक्य बोलणार होता. आमच्याकडून झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ते त्याला पाठ होतं.

“हो,” तो म्हणाला. “माझी चूक झाली.”

“ठीक आहे. उद्या वेळेवर या.”

पलीकडे नळ सुरू झाला. फोन बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याने पेला पुसला आणि मांडणीत न ठेवता आत नेऊन टेबलावर, मॅकशेजारी ठेवला.