कोनाचं धान तहानलं?

सासरच्या घराण्याचा डौल ऐकून ऐकून माझे कान किटले होते, बाप्पा! गोंड राजाच्या काळी ह्यांच्या मूळपुरुषानं दोन टेकड्यांच्या मधात पाळ बांधली, तलाव केला अन् तलावाच्या भरवशावर कसबा वसला. कोष्टी आले, सोनार आले, बाजार भरू लागला. राजाचा हत्ती ह्यांच्या दारात झुलायचा म्हणे. मंग वाटण्या झाल्या. एकेक भाऊ शेत विकून गोंदियाले, रायपूरले गेला. तलाव सरकारचा झाला. आमच्याजवळ उरलं पाळीखालचं धानाचं एक वावर अन् एक मान.

मान असा, की भादव्यात पावसानं दडी मारली तर तलावाचं तोंड ह्याच घरच्या हातानं उघडायचं. पण आधी गावानं विचारायचं, "कोनाचं धान तहानलं?" अन् उघडणाऱ्यानं पाण्यात उभं राहून म्हणायचं, "माझं." राजाचा कोणी कारभारी मिरवाले म्हणून हात लावाले आला होता, त्याले अडवाले मूळपुरुषानंच ही रीत घातली. ज्याचं धान नाही, त्याचा हात नाही.

औंदा उन्हाळ्यात आमचा पोरगा हेमेंद्र नागपूरहून आला. "बाबा, शेती कोन करून राहिलं आता? प्लॉट पाडणारा घ्यायले तयार आहे." आमचे बुढे, म्हणजे माझे मालक दुलीचंद पाटील, हो म्हणून बसले. मी लई भांडली, पण वावर विकलंच.

"वावर गेलं तर गेलं वो, शामकला," ते म्हणाले. "मान तर रक्तात आहे. तो कोन नेते?"

भादवा आला. धान पोटरीत, लोंब्या निघायच्या बेतात, अन् आभाळ कोरडं ठण्ण. बुढ्यानं नवं धोतर नेसलं, फेटा बांधला, नारळ घेतला. पाळीवर सारं गाव जमलं होतं. हे कमरेइतक्या पाण्यात उतरले. कैलाशनं, ज्याचा बाप आमच्याकडे सालदार होता, हात जोडून विचारलं, "पाटील, कोनाचं धान तहानलं?"

ह्यांनी तोंड उघडलं, अन् ते तसंच राहिलं.

मले तवा समजलं.

"म्हणून टाका ना, पाटील," कैलाश हळूच बोलला. "आम्ही काही म्हणून राहिलो का?"

"पाण्यात उभं राहून खोटं कसं बोलू गा?" बुढे म्हणाले. "तू ये. तुझं धान आहे." अन् नारळ त्याच्या हाती दिला. कैलाश पाण्यात उतरला. तो "माझं" म्हणाला अन् त्यानं पाणी सोडलं.

पाणी पाटानं धावत गेलं, अन् दरवर्षीसारखं आमच्या विकलेल्या वावरात घुसलं. तिथं आता धान कुठचं? चुना फासलेले प्लॉटचे दगड. त्यांच्याभोवती पाणी पसरून राहिलं, अन् खालच्या लोकांच्या धानाच्या बांध्या कोरड्याच. बुढे नव्या धोतरानिशी चिखलात बसले अन् दोन्ही हातांनी माती ओढून आपल्याच वावराचं तोंड बुजवू लागले.

"काऊन जी, फावडं आणू का?" मी विचारलं.

"नको. ह्याच हातानं बुजवू दे."

मंग मीही पदर खोचून खाली बसली. पाणी जुन्या वाटेनं आत यायले पाहत होतं, अन् आम्ही दोघं रडत रडत त्याले दुसऱ्यांच्या धानाकडे लोटत होतो.