होडी बघायला नेलेली पिशवी

"आई, जुनी होडी घेतोय आमी. तू न् आबा या बघायला," पोरगी फोनवर म्हणाली. "अन् या टायमाला आबा हरेशसंगं बोललं न्हाईत, तर म्या परत लोणीला पाय ठेवायची न्हाई."

ही आमची प्रांजल. नर्सचा कोर्स करता करता कोळ्याच्या पोराशी लगीन लावून रेवदंड्याकडं गेली, वरीस झालं. तव्हा आमचं म्हातारं एवढंच बोललं, "माझ्या मुंडाशाची लाज घालवली." त्यानंतर जावयाचं नाव न्हाई की गाव न्हाई. आमी पडलो धनगर. होडीतलं काय कळतंय आमाला, कप्पाळ? तरी म्हातारं "येतो" म्हणालं अन् मी चाटच पडले.

निघताना म्हाताऱ्याच्या काखंत एक पिशवी. म्हटलं, द्या, भाकरीसंगं ठिवते. तर अंगावर खेकसलं, "हात लावू नको!" येष्टीत माळशेजच्या वळणाला ती पिशवी माझ्या गुडघ्यावर आदळली. आत लोखंड लागलं. अगं माझे बाई! मेंढरांना पाला तोडायचा कोयता! जावयाला कापायलाच निघालं का काय हे? सबंध वाटंला घास गिळला न्हाई म्या.

हरेश बिचारा खाडीवर वाट बघत उभा. वाकून पाया पडला. म्हातारं समिंदराकडं तोंड करून वाळूत बसलं, पिशवी मांडीवर.

पहिली होडी नव्या रंगानं नुसती चमकत व्हती. मला तर लई आवडली. हरेशनं खाली वाकून पेचकस टोचला, तर फळीत पार मुठीपत्तुर गेला. मी "आई गं!" म्हणून किंचाळलेच. अशीत बसून माझा जावई समिंदरात जाणार व्हता? दुसरीचं इंजिन काळा धूर ओकायला लागलं. तिसरी धर्माबाबा नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची, रंग उडालेली. त्याचं गुडघं गेलं, म्हणून इकत व्हता. हरेशनं फळीन् फळी टोचली, खाडीतनं फिरवून आणली, तळाला हात घालून बघितलं. आत थेंब न्हाई.

"आबा, हीच घेऊ का?" हरेशनं इचारलं.

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आलं. असा राग आला मला त्या माणसाचा, काय सांगू!

शेवटी सौदा ठरला. धर्माबाबानं खुंटाची दोरी सोडली अन् हरेशच्या हातात द्यायला गेला.

"थांब!" म्हातारं ताडकन उठलं अन् पिशवीत हात घातला.

मी झेप घालून मनगट धरलं. "अवो, पोरीकडं बघा! नका, पाया पडते!"

"येडी का काय तू?" म्हणत त्यानं हात बाहेर काढला.

दावं. नवंकोरं, घायपाताचं, घरी वळलेलं, टोकाला लोखंडी कडी. मी मनगट सोडलं.

"बेल्ह्याच्या बाजारात बैल घेतला, तर दावं इकणाऱ्याच्या घरी ठिवायचं," म्हातारं धर्माबाबाला म्हणालं. "तुमची लक्षुमी तुमच्या घरात राहू द्या, पावणं. आमी आमचं आणलंय."

हरेशनं होडीकडची गाठ सोडली. धर्माबाबानं आपली दोरी गोळा करून छातीशी धरली.

म्हाताऱ्यानं कमरंइतक्या पाण्यात शिरून होडीला दावं बांधलं. दुसरं टोक घेऊन खुंटाकडं निघालं, तर दावं पोचंना. बैलाच्या मापानं वळलेलं ते! ओहोटी लागलेली, होडी आत वढत व्हती. हरेश म्हणाला, "आबा, घरनं दोर आणतो."

"तवर जाईल की ती!"

अन् माझ्या डोळ्यांदेखत त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं. लगीन झाल्यापासनं घराबाहेर या माणसाचं उघडं डोकं म्या कधी बघितलं नव्हतं. लाल कापड पाण्यावर पसरलं. त्यानं ते कडीत ओवून गच्च गाठ मारली, अन् दुसरं टोक हरेशच्या हातात दिलं.

"धरा, जावईबापू. सोडू नका."