किलबॉनचं टेबल

बोलणाऱ्याचा कोंडाही विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, ही म्हण नंदकुमारने आयुष्यभर उराशी धरली होती. त्याची लेक रेवा म्हणजे अस्सल गहू. एका वाक्यासाठी ती इतका वेळ घ्यायची, की दवाखान्यात, शाळेत, पाहुण्यांसमोर तिच्या वतीने तोच बोलून टाकायचा. यात त्याला प्रेमाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

तो आयर्लंडमध्ये लिक्सलिपला चिप प्लांटमध्ये इंजिनिअर होता आणि लीव्हिंग सर्टनंतर, म्हणजे तिथल्या बारावीनंतर, रेवानेही तेच करायचं, हे त्याने ठरवून टाकलेलं. तिच्या मनात मात्र मलिंगारजवळचं चिमुकलं किलबॉन कॉलेज भरलं होतं. तिथे तत्त्वज्ञान, गणित, इतिहास, संगीत सगळ्यांनी सगळंच शिकायचं.

"प्लेसमेंट शून्य! उगाच पेट्रोल जाळायचं," तो कुरकुरला.

"एकदा बघू तरी," वीणा म्हणाली. बायकोचा शब्द मोडवेना, म्हणून तो निघाला, पण नकार खिशात घालूनच.

प्राचार्य फेलिम क्विन यांनी चहा पुढे केला आणि कॉलेजची कूळकथा सांगितली. नन्स निघून गेल्यावर ओस पडलेल्या कॉन्व्हेंटमध्ये मिस टायनन या निवृत्त गणिताच्या बाईंनी हे सुरू केलं. ऊब फक्त स्वयंपाकघरात असायची, म्हणून पहिला वर्ग तिथल्याच टेबलाभोवती भरला. पाहुणे म्हणून आलेले फादर इतके बोलले, की मुलांची पाळीच आली नाही. बाईंनी तिथल्या तिथे नियम केला. एकदा बोललात, की बाकी सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प. समोरचं टेबल तेच होतं, नियमही तोच, आणि प्रवेशाची मुलाखतही तिथेच व्हायची, आईबापांसकट.

"ग्रँड!" नंदकुमार आयरिश लोकांसारखी दाद देत म्हणाला. नियम मुलांसाठी असेल, अशी त्याची समजूत.

"रेवा, इथे का यावंसं वाटतं?" क्विननी विचारलं.

रेवाने श्वास घेतला. तेवढ्यात नंदकुमारने घोडं पुढे दामटलं. "गणितात एकदम हुशार आहे ती. फक्त लाजते जरा."

"तुमची पाळी झाली," क्विन हसून म्हणाले.

मग वीणा बोलली, टेबलाशी बसलेल्या दोन विद्यार्थिनी बोलल्या. उरली रेवा. ती विचार करत राहिली. नंदकुमारच्या जिभेवर तिचं उत्तर तयार होतं, पण वीणाने त्याचा गुडघा घट्ट दाबून धरला. बाकी कुणालाच घाई नव्हती. एकीने निवांत ब्रेडला लोणी लावलं.

शेवटी रेवा तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत म्हणाली, "गणित मला येतं. आवडतं का, ते माहीत नाही. मी विचार करायला लागले, की बाबा उत्तर देऊन मोकळा होतो. इथे... इथे थांबतात."

नंदकुमारला आधी राग आला, मग दवाखाना, शाळा, पाहुणे, सगळं एकेक आठवलं.

"आता तुम्ही बोलू शकता," क्विन म्हणाले. खिशातला नकार काही बाहेर निघाला नाही.

परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, "रेवा, जायचंय तुला तिथे?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेतलं किनेगाड गाव गेलं, एन्फील्ड गेलं. त्याने जीभ दाताखाली धरून ठेवली. मेनूथच्या पाट्या दिसू लागल्या, तेव्हा ती चक्क मराठीत म्हणाली, "हो बाबा. जायचंय."

आता पाळी त्याची होती.

"जा," तो म्हणाला, आणि घर येईपर्यंत पुढे एक शब्दही बोलला नाही.